नोकरी बेळगावात, कुटुंब चंदगडला

प्रश्न: कोल्हापुरातल्या कारखान्यात पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जायचा. आता बेळगावात काम मिळालंय, घरची मंडळी चंदगडलाच. राज्य बदललं, मग विमा नव्याने काढायचा का?

उत्तर: मुळीच नाही. विमा क्रमांक देशभर एकच चालतो. रुजू होतानाच तो नव्या मालकाला द्या. घोळ इथेच होतो. घाईत दुसरा क्रमांक काढतात आणि वर्गणी दोन खात्यांत फुटते. एप्रिल-सप्टेंबर किंवा ऑक्टोबर-मार्च या सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी एका क्रमांकावर दिसली नाही, तर पुढे आजारपणाचा, पगाराच्या ७० टक्के मिळणारा भत्ता अडतो. दोन क्रमांक झालेच असतील, तर ईएसआयच्या शाखा कार्यालयात अर्ज करून जोडून घ्या. कुटुंबासाठी घराजवळचा दवाखाना वेगळा नोंदवता येतो. हे मालक सहसा सांगत नाहीत, तुम्हीच विचारा.