वाचक विचारतात: खापर हातात घेतल्यावर

गेल्या अंकात मी विद्यापीठांतल्या पुरातत्त्वीय अभ्याससंग्रहांबद्दल लिहिलं होतं. काचेआड मांडण्यासाठी नव्हे, तर विद्यार्थ्यांच्या हातात देण्यासाठी जमवलेल्या देशोदेशींच्या जुन्या वस्तू म्हणजे अभ्याससंग्रह. असाच एक संग्रह मी 26 वर्षं सांभाळला, हेही लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांपैकी चार निवडली आहेत.

प्रश्न: मी पुरातत्त्वाच्या पहिल्या वर्षाला आहे. दर आठवड्याला आम्हाला ट्रे भरून खापरं देतात आणि ‘बघा’ म्हणतात. मला मातीचे तुकडे दिसतात, बाकी काही नाही. हल्ली वस्तू स्क्रीनवर चारही बाजूंनी फिरवून बघता येते. मग हा खटाटोप कशाला?

उत्तर: काही दिसत नाही असं सरळ लिहिलंस, बरं वाटलं. पहिल्या वर्षी कोणालाच दिसत नाही. ज्यांना दिसतं त्यांनी बहुतेक आदल्या रात्री पुस्तकातलं चित्र बघितलेलं असतं.

पुढच्या तासाला डोळे मिटून खापराच्या आतल्या अंगावरून अंगठा फिरव. भांडं चाकावर घडवलेलं असेल तर बारीक, एकसारख्या आडव्या रेषा लागतील. मातीच्या वळ्या एकावर एक रचून केलेलं असेल तर कुठे जाड, कुठे पातळ असं लागेल. कधीकधी तर तुकडा नेमका दोन वळ्यांच्या सांध्यावरच तुटलेला असतो. मग डोळे उघड आणि तुटलेली कड बघ. बाहेरचा रंग फसवतो, कड फसवत नाही. दोन्हीकडे लाल आणि मधे काळा पट्टा दिसला, तर भांडं भट्टीत पुरेसा वेळ राहिलं नाही किंवा हवा कमी पडली, म्हणून मातीतला पालापाचोळा जळायचा राहिला. कडेतले पांढरे ठिपके शिंपल्याचे, चुनखडीचे की वाळूचे, ते भिंगातून बघ. तुकडा काठाचा असेल तर तो टेबलावर पालथा ठेव आणि काठ व टेबल यांच्यामधून येणारा उजेड बंद होईपर्यंत हळूहळू कलता कर. उजेड थांबला की भांड्याचा काठ मुळात कसा उभा होता ते कळतं. मग तोच काठ एकात एक वर्तुळं आखलेल्या तक्त्यावर जुळवलास की तोंड किती रुंद होतं ते समजतं. बोटाएवढ्या तुकड्यावरून अख्खं भांडं कागदावर उतरतं. स्क्रीनवर यातलं बरंच दिसेल, पण वजन कळणार नाही आणि अंगठ्याला काही लागणार नाही.

या अंगठ्याच्या विद्येवर केवढं काम उभं राहू शकतं त्याचं माझं आवडतं उदाहरण ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री यांचं. इजिप्तमध्ये नकादा आणि आसपास त्यांना लेखनपूर्व काळातली हजारो थडगी मिळाली. लेख नाहीत, राजांची नावं नाहीत, एकावर एक थरही नाहीत. आधीचं थडगं कुठलं आणि नंतरचं कुठलं, हे ठरवायचं कसं? पेट्रींनी सुमारे 900 थडगी निवडली, प्रत्येकासाठी कागदाची एक पट्टी केली, त्यात निघालेल्या भांड्यांचे प्रकार तिच्यावर लिहिले आणि पट्ट्या मागेपुढे सरकवत बसले. धागा मिळाला तो मुठींचा. एका जातीच्या गोलसर रांजणांना दोन्ही बाजूंनी लाटेसारख्या मुठी होत्या. आधी त्या धरायला खरोखर उपयोगी होत्या. पुढे भांडं सडपातळ होत गेलं, मुठी आक्रसल्या, मग अंगावर नुसती नागमोडी नक्षी उरली, आणि शेवटी सरळ नळकांड्यावर एक रेघ. घसरणीची दिशा कळली तशी थडग्यांची रांग लागली. या क्रमाला त्यांनी 30 ते 80 असे आकडे दिले. सुरुवात 30 पासून, कारण याहून जुनं काही उद्या निघालंच तर त्याला जागा हवी! ते निघालंही. 1920 च्या दशकात बदारी संस्कृती उजेडात आली आणि रिकाम्या आकड्यांत जाऊन बसली. शिकवताना मी दरवर्षी या 30 पाशी थांबायचे. स्वतःच्या अज्ञानासाठी आधीच जागा राखून ठेवणारा माणूस विरळा.

पेट्रींचा संग्रह 1913 साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने विकत घेतला. तिथे इजिप्तवर लिहिणाऱ्या लेखिका अमेलिया एडवर्ड्स यांनी मृत्युपत्राने दिलेल्या वस्तू 1892 पासून होत्याच, तेही शिकवण्यासाठी. आज तिथे सुमारे 80,000 वस्तू आहेत. त्याच 1913 साली इजिप्तमधल्या तारखान इथल्या एका थडग्यातून पेट्रींना मळक्या तागाच्या कापडांचं गाठोडं मिळालं होतं. ते तसंच पडून राहिलं. 1977 मध्ये व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातल्या जतनतज्ज्ञांनी ते उलगडलं, तर आत चुण्यांची बारीक कलाकुसर असलेला एक झगा! उलटा झालेला, डोक्यावरून ओढून काढल्यासारखा, कोपरांपाशी आणि काखेत वापराच्या सुरकुत्या. 2016 मध्ये जाहीर झालेल्या कार्बन चाचणीनुसार तो इसवीसनपूर्व 3482 ते 3102 च्या दरम्यानचा ठरला. तेव्हा तुझ्या ट्रेमध्ये ‘नुसते तुकडे’ आहेत असं लगेच ठरवू नकोस.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षक आहे. माझे दिवंगत सासरे बोटीवर नोकरीला होते. त्यांच्या पेटीत दगडी बाणांची टोकं, मातीचा एक लहान दिवा आणि काही खापरं निघाली. कागदपत्रं नाहीत. या वस्तू विद्यापीठाला भेट म्हणून द्याव्यात असं म्हणतो. ते घेतील ना?

उत्तर: सर, आधी एक विनंती. काहीही धुऊ नका, पुसू नका, आणि पेटीतला एकही चिटोरा टाकू नका. वस्तू ज्या वर्तमानपत्रात गुंडाळली असेल त्यावरची तारीख आणि भाषा हासुद्धा पुरावा असतो. सासऱ्यांची पत्रं, फोटोंच्या पाठीवरचं लिखाण, बोटीच्या नोकरीची कागदपत्रं शोधा. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा आणि ते जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत, तारखेसह लिहून ठेवा.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर: बहुधा घेणार नाहीत. राग मानू नका. विद्यापीठ पहिला प्रश्न विचारेल तो ही वस्तू कुठे सापडली, आणि दुसरा, ती त्या देशाबाहेर कधी व कशी आली. सांस्कृतिक वस्तूंच्या चोरट्या व्यापाराविरुद्ध युनेस्कोचा करार 14 नोव्हेंबर 1970 रोजी झाला. पुष्कळ संस्था तीच रेघ धरतात. त्याआधी वस्तू देशाबाहेर पडली होती किंवा नंतर कायदेशीरपणे पडली, याचा पुरावा नसेल तर दार बंद. शिवाय तुम्ही राहता तिथला पुरावस्तूंचा कायदा काय म्हणतो, तेही संबंधित खात्याकडे विचारून घ्या. मात्र नुसतं दाखवायला न्यायला हरकत नाही. कोणीतरी बघेल, फोटो काढेल, चार गोष्टी सांगेल.

त्यात ‘ही टोकं बनावट आहेत’ हेही असू शकेल, तयारी ठेवा. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये एडवर्ड सिम्पसन नावाचा भटक्या होता, लोक त्याला फ्लिंट जॅक म्हणत. गारेची टोकं घडवून ती जुनी म्हणून जाणकारांना विकण्यात त्याचा हातखंडा. पुढे 1862 साली लंडनमध्ये अभ्यासकांसमोर त्याने आपली हातचलाखी उघड करून दाखवली. बनावट वस्तू अभ्याससंग्रहात मुद्दाम ठेवतात. आमच्याकडे खऱ्या-खोट्या बाणांचा एक ट्रे होता. लोखंडी हातोडीचे तांबूस ओरखडे दिसले की मुलं ‘खोटं!’ म्हणून ओरडायची. मग मी त्याच ट्रेमधला एक खरा बाण पुढे करायचे, त्यावरही तसेच ओरखडे. शेतातल्या नांगराचा फाळ लागला होता.

‘कुठे सापडली’ यावर मी एवढी का अडून बसते, त्यामागे माझी स्वतःची एक चूक आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी उत्साहाच्या भरात मी तीन ट्रेमधली खापरं एकदम धुवायला काढली. स्थळाच्या चिठ्ठ्या ट्रेमध्ये सुट्या होत्या. त्या बाजूला ठेवल्या, वाऱ्याने उडाल्या, आणि खापरं वाळेस्तोवर कुठली चिठ्ठी कुठल्या ट्रेची ते मला सांगता येईना. माती आणि घडण बघून बरीचशी परत लागली. 17 मात्र लागली नाहीत. ती अजूनही ‘स्थळ अज्ञात’ म्हणून पडून आहेत, आणि ती अज्ञात माझ्यामुळे आहेत. शिवाय त्यांतल्या काहींच्या आत काळा थर होता. भांड्यात शिजलेल्या पदार्थांची चरबी मातीत मुरून हजारो वर्षं टिकते आणि प्रयोगशाळेत ओळखता येते, हे मला पुढे कळलं. तो थर मी ब्रशने घासून काढला होता. तेव्हापासून क्रमांक खापरावरच: आधी पॅरालॉइड बी-72 या राळेचा पातळ हात, त्यावर शाईने बारीक आकडा, वर पुन्हा राळ. ॲसिटोन या द्रावकाने निघतं, पाण्याने नाही.

प्रश्न: देशोदेशींच्या या वस्तू विद्यापीठांत गेल्याच कशा? परत का करत नाहीत?

उत्तर: सगळ्या एकाच वाटेने गेल्या नाहीत, म्हणून उत्तरही एक नाही. पूर्वी उत्खनन करणारे आणि यजमान देश यांच्यात वाटणी व्हायची. इराकमधल्या उर इथल्या 1922 ते 1934 च्या उत्खननातल्या वस्तू बगदाद, ब्रिटिश म्युझियम आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचं संग्रहालय अशा तीन ठिकाणी विभागल्या गेल्या. ही वाटणी त्या काळच्या नियमांत बसणारी होती. ते नियम कोणी आणि कोणासाठी केले होते, हा वाद वेगळा, आणि तो व्हायलाच हवा. आजच्या नायजेरियातल्या बेनिन राज्याचं प्रकरण निराळं. 1897 मध्ये ब्रिटिश फौजेने तिथला राजवाडा लुटला. त्या लुटीतलं ओबाचं, म्हणजे राजाचं, एक कांस्यशिर ॲबरडीन विद्यापीठाने 1957 साली लिलावात घेतलं होतं. ते त्यांनी 2021 मध्ये नायजेरियाला परत केलं.

माझं मत विचाराल तर लुटीचं परत जावं, शिकवण्यासाठी ठसा घेऊन ठेवला तरी पुरे. बाकीच्याबद्दल निदान यादी तरी उघडी करावी. आपल्या वस्तू कुठल्या कपाटात आहेत हेच माहीत नसेल, तर कोणी मागणार तरी काय?

प्रश्न: टीव्हीवर सगळे पांढरे हातमोजे घालतात. तुम्ही घालायला लावत होता का?

उत्तर: धातूला हो, पण सुती नव्हे, नायट्राइल या कृत्रिम रबराचे. घामातल्या मिठाने धातू गंजतो. खापराला आणि दगडाला स्वच्छ धुतलेले, कोरडे हात बरे, कारण सुती मोजा गुळगुळीत भांड्यावरून निसटतो. अंगठ्या काढायच्या, टेबलावर मऊ पॅड अंथरायचं, वस्तू दोन्ही हातांनी तळाखालून धरायची, कानाला किंवा काठाला धरून कधीच उचलायची नाही. आणि लिहायला पेन्सिल.