चार पावले मागे सरक

प्रिय मुलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र परवा मिळाले. टिटवीच्या अंड्यांचे छायाचित्र मी भिंगाखाली धरून पाहिले. चार अंडी, टोके आत वळलेली, रुळालगतच्या खडीत अशी मिसळून गेलेली की खडा कोणता आणि अंडे कोणते हे चटकन कळू नये. आणि खालच्या कोपऱ्यात तुझी स्वतःची सावली. ती तुझ्या लक्षात आली नसावी, नाहीतर तू ती कापून टाकली असतीस. भर दुपारच्या आखूड सावलीचे टोक ज्या चित्रात येते, त्या चित्राचा छायाचित्रकार किती जवळ उभा होता, हे वेगळे सांगावे लागत नाही.

तू विचारतेस की पुढच्या शनिवारी अंडी जागेवर नव्हती, ती माझ्यामुळे गेली का. तुला बरे वाटावे म्हणून मी ‘नाही’ असे लिहिणार नाही, कारण मला ते ठाऊक नाही आणि तुलाही नाही. टिटवीची पिल्ले अंड्यातून बाहेर आली की काही तासांत चालू लागतात आणि आईबाप कवचांचे तुकडेही उचलून दूर टाकतात, त्यामुळे जागा रिकामी दिसली म्हणजे पिल्ले दगावलीच असे नव्हे. पण अंडी उबायला साधारण चार आठवडे लागतात, आणि तू ती पाहिलीस तेव्हा त्यातले किती दिवस उलटले होते, हे तुला माहीत नव्हते. फाटकाजवळच्या कडुलिंबाखाली बसून तू आठवडाभर नुसती पाहत राहिली असतीस, तर आज हा प्रश्न मला विचारावा लागला नसता.

एप्रिलच्या उन्हात टिटवी अंड्यांवर बसते ती ऊब देण्यापेक्षा सावली देण्यासाठी. ती डबक्यावर जाऊन पोटाची पिसे भिजवते आणि त्या ओल्या पिसांनी अंडी गार ठेवते. भर दुपारी तू तिथे वीस मिनिटे उभी होतीस असे तूच लिहिले आहेस, आणि ‘ती डोक्यावर घिरट्या घालून ओरडत होती, त्यामुळे उडतानाचेही चांगले फोटो मिळाले’ असेही लिहिले आहेस. अगं, ती तुला ‘जा’ म्हणत होती! १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना उपद्रव देणे हेही धरलेले आहे. हे तुला भिववण्यासाठी लिहीत नाही. बंदूक न उचलताही शिकार घडते, हे कायदा लिहिणाऱ्यांना जेव्हा कळले होते, तेव्हा ते मला कळले नव्हते, एवढेच सांगायचे आहे.

आमच्या वाड्याच्या परसात डाळिंबाचे झुडूप होते आणि त्यात लालबुड्या बुलबुलाने घरटे केले होते. मी तेव्हा शाळेत नुकताच चित्रकला शिक्षक म्हणून लागलो होतो, पहिल्या पगारांतून कॅमेरा घेतला होता. पानांमुळे घरट्यावर उजेड पडेना, म्हणून मी पुढच्या दोन फांद्या सुतळीने बाजूला बांधल्या. त्या काळी यात कोणाला वावगे वाटत नसे. घरट्याभोवतीची पाने दूर करावीत, फांदी वाकवावी, काम झाल्यावर सोडावी, असेच जाणकारही सांगत. मी संध्याकाळी फांद्या सोडायला विसरलो. सकाळी भारद्वाज झुडपातून उडताना दिसला आणि घरटे रिकामे होते. त्या छायाचित्राला पुढे एका प्रदर्शनात बक्षीस मिळाले, ते बावीस वर्षे आमच्या बैठकीत टांगलेले होते, आणि येणाऱ्या प्रत्येकाला मी त्यातल्या चोचींची लाली दाखवत असे. नंतर मी ते भिंतीवरून उतरवले. निगेटिव्ह मात्र अजून आहे. ती फाडून टाकावी असे किती वेळा मनात आले आणि हात पुढे गेला नाही, हेही तुला सांगून ठेवतो, म्हणजे माझ्या उपदेशाची किंमत तुला ठरवता येईल.

तेव्हा माझे म्हणणे एकच आहे: मागे सरक. तुझ्या पत्रातल्या दुसऱ्या प्रश्नालाही माझे उत्तर हेच आहे. पॅसेंजर गाड्या, घरटी आणि जुन्या इमारती यांपैकी एक काहीतरी निवड, बाकीचे सोड, म्हणजे लोक तुला ओळखू लागतील, असे तुला कोणीतरी सुचवले आहे. कोणी सुचवले ते मला कळवू नकोस, नाहीतर मी त्याला पत्र लिहीन. तुमच्या त्या लहानशा स्टेशनावर हे तिन्ही शंभर पावलांच्या आत आहेत: पहाटेची पॅसेंजर, खडीतली टिटवी, दगडी मालधक्क्याच्या छताखालचे पाकोळ्यांचे घरटे. ते तुला तीन विषय वाटतात, कारण तू प्रत्येकाच्या अंगाला भिडून उभी आहेस. पादचारी पुलावर चढ आणि तिथून पाहा.

आता गाड्यांविषयी. तू पाठवलेल्या अकरा छायाचित्रांपैकी सहांत इंजिनाचे तोंड आहे. इंजिनाचे तोंड कुर्डुवाडीला जसे दिसते तसेच तमिळनाडूतल्या काटपाडीलाही दिसते. मी हे अधिकाराने बोलतो, कारण माझ्याकडे बार्शी लाइट रेल्वेच्या इंजिनांची तोंडे दोनशेच्या वर आहेत. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने अडीच फुटी रुळांची ही गाडी १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, येथून बार्शीपर्यंत आणली. पुढे ती १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोहोचली. आषाढीला टपावर माणसे घेऊन ती जात असे. गेज, म्हणजे रुळांमधले अंतर, बदलणार हे आम्हाला कितीतरी वर्षे आधीपासून ठाऊक होते, त्यामुळे वेळ मिळाला नाही असे म्हणण्याची मला सोय नाही. मी दर रविवारी जात होतो आणि दर रविवारी जवळ जात होतो: बफर, हेडलाइट, हार घातलेला ड्रायव्हर, चाकाचा दांडा. २००८ पर्यंत कुर्डुवाडी-लातूर मार्ग पूर्ण ब्रॉडगेज झाला. येडशीच्या पुढे नव्या रुळांनी उस्मानाबादची, म्हणजे आताच्या धाराशिवची, वाट धरली आणि जुना मार्ग जागोजागी उखडला गेला. आज शाळेतली मुले विचारतात की सर, छोटी गाडी कुठून जायची. आणि दोनशे छायाचित्रांतले एकही त्यांच्यापुढे ठेवून मला सांगता येत नाही की बाभळींच्या या रांगेपासून त्या विहिरीपर्यंत. ती रांग, ती विहीर आणि मध्ये अंगठ्याएवढी गाडी असे एकच चित्र माझ्यापाशी असते, तर मी उरलेली सगळी रद्दीत दिली असती.

शिवाय पॅसेंजर ही मुळी इंजिनाची गाडी नव्हेच. एक्स्प्रेसला वाट देण्यासाठी ती लूपवर, म्हणजे बाजूच्या रुळावर, अर्धा-अर्धा तास उभी राहते. लोक खाली उतरतात, नळावर बाटल्या भरतात, दुधाचे कॅन डब्याच्या दाराशी येतात, कोणी सावलीच्या बाजूला बसकण मारतो. करोनानंतर याच गाड्यांना ‘स्पेशल’ म्हणून किमान भाडे दहाचे तीस रुपये केले होते, ते पुन्हा दहावर यायला २०२४ उजाडले. मधल्या काळात त्या फलाटावरून कोण नाहीसे झाले, हे इंजिनाच्या तोंडावर लिहिलेले नसते. दूर उभी राहिलीस तर फलाट येईल, आणि फलाट आला तर माणसे येतील. कुंपणाच्या बाहेर राहा. परवानगीवाचून रेल्वेच्या हद्दीत शिरणे हा १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४७ नुसार गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि तू खडीत उतरली होतीस. पुन्हा उतरलीस तर मला पत्र पाठवू नकोस.

इमारतींबाबत मी जरा सौम्य राहीन, कारण तिथे कोणी चिरडत नाही आणि कोणाची अंडी तापत नाहीत. पण चूक तीच आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची तुझी दोन्ही छायाचित्रे पायथ्याशी उभे राहून, कॅमेरा वर उचलून काढलेली आहेत. कॅमेरा वर कलला की उभ्या रेषा वरच्या बाजूला एकमेकींकडे झुकतात आणि इमारत पाठीमागे पडते आहे असे दिसते. संगणकावर ते सरळ करता येते हे मलाही माहीत आहे, परंतु त्यात कडा कापल्या जातात आणि माथा ताणला जातो, आणि जे दिसले नव्हते ते काही त्यातून उगवत नाही. १८८८ साली पूर्ण झालेल्या त्या वास्तूचा घुमट वास्तुकार फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी कुठून पाहिला जावा म्हणून बांधला, याचा विचार कर. रस्ता ओलांडून महापालिकेच्या इमारतीच्या बाजूला जा, तीही त्यांचीच, १८९३ ची. तिथून कॅमेरा क्षितिजाशी समांतर धर. दगडातली पाने, पक्षी आणि प्राणी तेव्हाच्या मुंबईच्या कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांनी घडवले आहेत, म्हणून मला ते फार प्रिय आहेत. त्यांच्या जवळ खुशाल जा, पण त्यानंतर.

हे मी कुठे शिकलो, तर आमच्या वाड्यापाशी. माळवदाचा वाडा, दोन चौक, सागवानी खांब, दिंडी दरवाजा. तो विकायचे ठरले तेव्हा मी चार रिळे संपवली: गणेशपट्टी, महिरपी, कोनाडे, कडीपाटावरची नक्षी, दाराची कडी. सारे सुंदर आले. पाच-सहा वर्षांनी माझ्या धाकट्या भावात आणि माझ्यात वाद झाला की माडीला गल्लीच्या बाजूने खण पाच होते की सात, आणि जिन्याची खिडकी दिंडीच्या डावीकडे होती की उजवीकडे. ज्या घरात आम्ही दोघे जन्मलो, त्याच्या खिडक्या आम्हाला आठवेनात, आणि चार रिळांतल्या एकाही चित्रात वाडा उभा नव्हता. समोरच्या शिंप्याच्या गच्चीवरून, वाड्याच्या निम्म्या उंचीवरून, सरळ समोर कॅमेरा धरून, दाराशी एक माणूस उभा करून काढलेले एक चित्र पुरे होते. त्या माणसाच्या उंचीवरून खणांची मापेसुद्धा निघाली असती. ती गच्ची बारा पावलांवर होती.

आता मी लांबच उभा राहतो, आणि त्यावरून मला पुष्कळ ऐकावे लागले आहे. माझी चित्रे कोरडी आहेत, त्यांत माणसाचा चेहरा कधी मोठा दिसत नाही, असे आमच्या मंडळात म्हणतात. घरातून याहून कडक शब्द आले आहेत: तुम्ही आयुष्यभर समोरच्या बाजूलाच उभे राहिलात, लग्नकार्यातसुद्धा. वाडा पाडला जात होता तेव्हा भाऊ आत भांडी काढत होता आणि मी रस्त्यापलीकडे कॅमेरा घेऊन उभा होतो, हे त्याने मला अजून माफ केलेले नाही. मला वाटते की भांडी कोणीही काढली असती. तरीसुद्धा त्या दिवशीचे माझे चित्र, ज्यात धुळीच्या ढगात भाऊ मुठीएवढा दिसतो आणि त्याच्या हातात आजीची परात आहे, ते त्याच्याच घरी भिंतीवर आहे, माझ्या घरी नाही. लांब राहिलेल्या माणसाला माया नसते असे कोणी तुला म्हणाले तर त्याला हे सांग. किंवा सांगू नकोस, हा माझा आणि माझ्या भावाचा प्रश्न आहे. मी विषय सोडून बोलू लागलो.

टिटवीकडे वळतो, कारण तिचा हंगाम मार्चपासून पावसाळ्यापर्यंत चालतो आणि ती पुन्हा अंडी घालील, तुला दिसतीलही. दुसरी लेन्स घेऊ नकोस, कर्ज तर मुळीच काढू नकोस. तुझी ५५-२५० पुरेशी आहे. सकाळी आठच्या आत जा. किती अंतर ठेवावे असा आकडा मला विचारू नकोस, तो ती ठरवते: ती अंड्यांवरून उठली की तू हद्द ओलांडलीस असे समज आणि ती परत येऊन बसेपर्यंत मागे सरक. जिथे ती निवांत बसली, तिथे तुझी जागा. वाकून पाहायला जाऊ नकोस, कारण माणूस कुठे वाकतो हे कावळे बघत असतात. जागा कोणाला सांगू नकोस, मलाही नको. चित्रात ती मोहरीएवढी येईल, आणि तिच्या मागे सिग्नल, मालधक्का आणि लूपवर थांबलेली पॅसेंजर येईल. तू लगेच ते चित्र कापून तिला मोठी करू पाहशील. कापू नकोस. जसेच्या तसे मला पाठव, मी भिंग घेऊन शोधीन. माझे डोळे अजून तेवढे चांगले आहेत.

जूनच्या आधी एकदा इकडे ये. आमच्या वाड्याच्या जागी आता तीन मजली व्यापारी संकुल आहे, खाली मोबाइलची दुकाने आहेत, आणि मी दर वर्षी अक्षय्य तृतीयेला समोरून त्याचे एक चित्र घेतो. शिंपी वारले, पण गच्चीची किल्ली त्यांच्या मुलाने माझ्याकडेच ठेवली आहे.

तुझा,
सर