मी आलो, मी आले

प्रश्न: बाई, मी नाशिक जिल्ह्यातल्या एका शाळेत सातवीचा वर्गशिक्षक आहे. वर्गातली एक मुलगी दिवाळीपासून 'मी आलो, मी जातो' असंच बोलते, रिबिनी बांधत नाही, पोरं चिडवतात. मुलींच्या बाथरूमला जायचं नको म्हणून दिवसभर पाणीसुद्धा पीत नाही. आठवीत पंजाबी ड्रेसचा युनिफॉर्म आहे, तो घालायला लागला तर शाळा सोडीन म्हणते. मुख्याध्यापक म्हणतात वडिलांना बोलावून सांगा. काय करू?

उत्तर: सर, वडिलांना बोलावू नका. निदान त्या मुलाला विचारल्याशिवाय तर नाहीच. (मी 'ते मूल' म्हणतेय, मुलगा की मुलगी हे आपण कशाला ठरवायचं, व्याकरणातलं नपुंसकलिंग कधी नव्हे ते कामाला आलं.)

आता मी मूळची कोल्हापूरची, आमच्याकडे पोरी सर्रास 'मी आलो' म्हणतात, त्यामुळे नुसत्या बोलण्यावरून काही धरू नका. केस कापले, क्रिकेट खेळली म्हणजे लगेच ट्रान्सजेंडर असंही नसतं. पण दिवसभर पाणी न पिणं ही साधी गोष्ट नाही हो.

वडिलांचं एवढं ठामपणे सांगतेय कारण मी ती चूक केलीय. पंधराएक वर्षांपूर्वी नववीतल्या एका मुलाने मला निबंधाच्या वहीत लिहून दिलं होतं की मला मुलगी म्हणून जगायचंय, कुणाला सांगू नका. मी पालकसभेला त्याच्या आईला बाजूला घेऊन सांगितलं, चांगल्या हेतूनेच, मला वाटलं आईच आहे, समजून घेईल. आठ दिवसांत वडील दाखला मागायला आले आणि तो दाखला माझ्याच हाताने लिहिला मी. पुढे त्याचं काय झालं मला माहीत नाही.

मुख्याध्यापकांना कायदाच लागत असेल तर सांगा, सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्येच तृतीयपंथी व्यक्तींना आपली ओळख आपण ठरवायचा हक्क दिलाय आणि २०१९ च्या कायद्यात मान्यताप्राप्त शाळेने भेदभाव करायचा नाही असं लिहिलंय. ट्रान्सजेंडर असणं हा मानसिक आजार नाही, जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीतही तो तसा धरलेला नाही. एनसीईआरटीने, म्हणजे केंद्राच्या शालेय शिक्षणाच्या संस्थेने, २०२१ मध्ये ट्रान्सजेंडर मुलांबद्दल शिक्षकांसाठी चांगली पुस्तिका काढली होती, पण ओरड झाली आणि काही दिवसांतच वेबसाइटवरून गायब, म्हणजे आपण पुन्हा आपल्याच अकलेवर.

रजिस्टरमधल्या नावाला हात लावू नका, ते पालकांशिवाय होत नाही. पण स्टाफच्या बाथरूमची चावी तुम्ही उद्यापासून देऊ शकता, त्याला मुख्याध्यापकांची सही लागत नाही. पीटीला मुलं-मुली वेगळी रांग कशाला, उंचीप्रमाणे लावा. आठवीच्या युनिफॉर्ममध्ये शर्ट-पँटचा पर्याय सगळ्याच मुलींना द्या अशी मागणी शिक्षकसभेत मांडा, सगळ्यांना म्हणजे त्या एकट्याकडे बोट जात नाही. चिडवणाऱ्या पोरांना मात्र वर्गात त्याचं नाव घेऊन झापू नका, त्याने जास्तच चिडवतात, एकेकाला बाहेर बोलावून घ्या.

आणि एकदा सहज, वह्या उचलायला वगैरे थांबवून विचारा, तुला काय म्हणून हाक मारू? उत्तर नाही आलं तरी चालेल, लगेच दुसरा प्रश्न विचारू नका. मूल फारच खचलेलं वाटलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, फुकट आहे, आधी तुम्हीच फोन करून बघा.

पाण्याची बाटली रोज संपतेय का तेवढं बघत राहा आणि महिन्याने मला कळवा.