भरपूर शेणखत घातलं तर कोणतीही जमीन काळी होईल ना? मग खाली खडक कोणता, याने काय फरक पडतो?

शेणखताने जमीन भुसभुशीत होते, काळी कन्हार, म्हणजे खोल चिकण काळी जमीन, होत नाही. या एका वाक्यावरून आमच्या घरी दिवाळीच्या पंगतीत भांडण झालंय, म्हणून लिहायला बसले.

माझं माहेर काटोलकडचं, सासर रामटेकजवळचं. जिल्हा एकच, नागपूर; पावसात थोडाफार फरक, पण माती साफ वेगळी. नागपूर शहरच दोन खडकांच्या सीमेवर बसलंय. सीताबर्डीची टेकडी बेसाल्टची, म्हणजे साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याची. तिथून पश्चिमेला बहुतेक हाच काळा पाषाण. पूर्वेला आणि ईशान्येला नीस, शिस्ट हे दुसऱ्याच जातीचे खडक, कितीतरी जुने. बेसाल्टात कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह भरपूर; तो झिजला की पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी चिकणमाती होते. नीसमधली गारगोटी मात्र विरघळत नाही, वाळू होऊन तशीच उरते. शेणखत तिथे काय करणार? आणि काळा रंग म्हणजे खत, हेही डोक्यातून काढा. आपल्या काळ्या जमिनीत सेंद्रिय कर्ब बहुधा १ टक्क्याच्या आतच असतो.

हे मी धाकट्या दिरांना आधीच सांगितलं होतं. त्यांचं उत्तर, "वहिनी, तुम्हाले काटोलचं लय कौतुक. जमीन म्हणजे खत अन् पाणी, बाकी सारं पुस्तकातलं." त्यांना संत्रा लावायचा होता. नागपुरात एका इमारतीच्या पायव्यातून निघालेली काळी माती टिप्परने आणून बरडावर, म्हणजे त्यांच्या हलक्या मुरमाड रानावर, फूटभर पसरली, ट्रॉल्यांनी शेणखत टाकलं, कलमं लावली. पहिल्या वर्षी बाग अशी दिसायची की मी गप्पच बसले. मग भरपूर पावसाचं वर्ष आलं. बारीक चिकणमातीखाली भरड थर असला की वरचा थर पूर्ण भिजल्याशिवाय पाणी खाली उतरत नाही. मुळं त्या फूटभर चिखलात अडकली, खोडांना डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळण्याचा रोग, लागला. जी झाडं वाचली त्यांची मुळं उन्हाळ्यातल्या भेगांनी तोडली. भाऊजी अजून रोपवाटिकेलाच शिव्या देतात.

त्या बरडात सीताफळ लावा म्हणत होते मी. हलक्या, मुरमाड जमिनीत ते छान येतं. पण सीताफळ विकायला त्यांना कमीपणा वाटतो.

आता तुम्ही म्हणाल, खडकच सगळं ठरवतो का? नाही. महाबळेश्वरचा खडकही बेसाल्टच, पण तिथल्या धो धो पावसाने चुना धुऊन नेला आणि तांबडा जांभा उरला. उतारावर मुरूम, खोलगटात खोल काळी, हा फरक एकाच शेतातही दिसतो. कन्हानच्या काठचा गाळ तर नदीनेच आणलेला. खालच्या खडकाशी त्याचं नातं असेलच असं नाही. माहेरचीही सगळी काळी जमीन संत्र्याची नाही. चुनखडी जास्त असली की पानं पिवळी पडतात, निचरा नसला की तिथेही डिंक्याच. आणि हलक्या रानात तलावाचा गाळ बेताने मिसळला तर ओल टिकते, हेही खरं. मिसळला तर. वर थर दिला तर नाही.

जमीन घ्यायची असेल तर माणसाच्या कमरेइतका खड्डा खणून मगच बोला. विकणारा "काळी माती टाकून देतो" म्हणाला, तर ती टाकू नको आणि तेवढे पैसे कमी कर, असं सांगा.