लिथियमची गोळी, प्रोटीन पावडर आणि रक्तातले कॅल्शियम

प्रश्न : माझा धाकटा भाऊ काही वर्षांपासून मानसोपचारतज्ज्ञांच्या सल्ल्याने लिथियमच्या गोळ्या घेत आहे. हल्ली तो जिमला जातो आणि प्रोटीन पावडर घेतो. नुकत्याच केलेल्या तपासणीत त्याचे कॅल्शियम १०.९ आले. वडिलांच्या रक्तदाबामुळे आम्ही गेल्या महिन्यापासून घरातले मीठही बरेच कमी केले आहे. हे कॅल्शियम प्रोटीनमुळे वाढले असेल का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपली शंका रास्त आहे, पण प्रोटीनपेक्षा लिथियमकडे आधी पाहायला हवे. आहारात प्रथिने वाढली की लघवीवाटे जाणारे कॅल्शियम वाढते हे खरे. मात्र त्याच वेळी आतड्यांतून त्याचे शोषणही वाढते, त्यामुळे रक्तातल्या पातळीत सहसा फरक पडत नाही. लिथियममुळे मात्र पडू शकतो. मानेतील पॅराथायरॉइड ग्रंथी रक्तातले कॅल्शियम पुरेसे झाले की ते वाढवणारा आपला स्राव (पॅराथायरॉइड हार्मोन) कमी करतात. लिथियम दीर्घकाळ घेणाऱ्या काही रुग्णांत हे ‘पुरेसे’ ठरवण्याची मर्यादाच वर सरकते आणि स्राव चालू राहतो. म्हणून अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनासह कॅल्शियम पुन्हा तपासावे, सोबत पॅराथायरॉइड हार्मोनही पाहावे. अल्ब्युमिन अशासाठी, की रक्तातले बरेचसे कॅल्शियम त्याला चिकटलेले असते आणि शरीरातले पाणी कमी झाले तरी आकडा फुगलेला दिसतो. तोवर कॅल्शियमच्या किंवा ‘ड’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या आपल्या मनाने सुरू करू नयेत.

मला खरी काळजी वाटते ती मिठाची. मूत्रपिंड लिथियमला बरेचसे सोडियमसारखेच हाताळते. सोडियम कमी पडले की ते वाचवताना लिथियमही शरीरात अडकून राहते, आणि त्याची उपयुक्त व घातक पातळी यांत अंतर फार थोडे असते. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार असताना व्यायामाचा घाम, त्यात ताटातली शेंगाचटणी बंद आणि ताकही अळणी, हे भावासाठी धोक्याचे आहे. वडिलांचे मीठ जरूर कमी असावे. भावाचे मात्र रोज साधारण सारखे राहावे, कारण ते एकदम वाढवले तर उलट लिथियमची पातळी घसरते. मिठात हा बदल झालाच आहे, तेव्हा पातळीची तपासणी लगेच करून घ्यावी. रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी द्यायचे असते; अपेक्षित पातळी बहुधा लिटरमागे ०.६ ते १.० मिलिमोल असते.

पावडरबद्दल थोडक्यात सांगायचे, तर भारतीय प्रौढासाठी दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनांची शिफारस आहे आणि ती डाळ, दूध, अंडी यांतून भागू शकते. त्याहून अधिक घ्यायचे असल्यास आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी) तपासून डॉक्टरांना विचारावे. जिममध्ये अंग दुखले म्हणून आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी मात्र परस्पर घेऊ नये, तिने लिथियमची पातळी चढते.

लिथियम स्वतःहून बंद करू नये. परंतु हात जोराने थरथरणे, उलट्या-जुलाब, तोल जाणे किंवा बोलणे अडखळणे यांपैकी काही दिसले, तर पुढची गोळी देण्यापूर्वी त्याला तातडीने रुग्णालयात न्यावे आणि तो लिथियम घेतो हे तिथे सर्वप्रथम सांगावे.