मूकपटांतल्या जादूची युक्ती आज सगळ्यांना कळते, मग त्या फिल्म पाहण्यात मजा काय?

तुमचं म्हणणं असं की कॅमेरा थांबवून बाई गायब केली हे आज शाळकरी पोरालाही कळतं, मग सव्वाशे वर्षांपूर्वीच्या या फिल्म लोक अजून का बघतात? मी हौसेने पत्त्यांची आणि रुमालाची जादू करतो. मला तर युक्ती कळल्यावरच खरी मजा यायला लागली.

जॉर्ज मेलिएस हा पॅरिसचा जादूगार. १८८८ साली त्याने रॉबेर-हुदँ हे जादूचं थिएटर विकत घेतलं आणि डिसेंबर १८९५ मध्ये ल्युमिएर बंधूंचा हलत्या चित्रांचा खेळ पाहून तो सिनेमाच्या मागे लागला. त्याची १८९६ची एक फिल्म मिनिट-सव्वा मिनिटाची आहे. तो येतो, वाकून नमस्कार करतो, जमिनीवर वर्तमानपत्र पसरतो, त्यावर खुर्ची मांडतो. झान दाल्सी ही अभिनेत्री खुर्चीत बसते. तो तिच्यावर कापड टाकतो, कापड ओढतो, आणि खुर्ची रिकामी! मग तो हवेत हातवारे करतो, तर खुर्चीत चक्क हाडांचा सापळा. सापळ्यावर पुन्हा कापड टाकलं की बाई परत.

मूळ जादू ब्यूआतिए द कोल्टा या जादूगाराची. रंगमंचावर बाई खुर्चीखालच्या चोरदारातून खाली उतरायची, आणि तिथे चोरदार नाही असं प्रेक्षकांना वाटावं म्हणून वर्तमानपत्र. पण फिल्मला चोरदार लागतच नाही! कॅमेरा थांबला की बाई उठून चालत बाजूला जाणार. तरीही मेलिएस ते वर्तमानपत्र प्रेमाने, नीट पसरतो. माझा जीव त्या वर्तमानपत्रावर आहे. हा माणूस अजून रंगमंचावरच उभा आहे, समोर बसलेल्यांना तो शब्द देतोय की बघा, खाली काही नाही. आणि सापळा ही त्याची स्वतःची भर.

आणि ‘कॅमेरा थांबवला की झालं’ इतकं ते सोपंही नव्हतं. हँडल फिरवायचा कॅमेरा थांबवून परत सुरू केला की हालचाल नेमकी जुळत नाही. पुढे अभ्यासकांनी त्याच्या फिती तपासल्या तेव्हा अशा प्रत्येक जागी सांधा सापडला: नकोशा फ्रेम कापून, दोन टोकं चिकटवलेली. म्हणजे हातचलाखी पडद्यावर जितकी, तितकीच कात्री आणि डिंकाची.

१९०० सालच्या एका फिल्ममध्ये तो एकटाच सात वादक होऊन शेजारी शेजारी बसतो. एकच फीत मागे गुंडाळून कॅमेऱ्यातून सात वेळा चालवायची, दरवेळी वेगळ्या खुर्चीत बसायचं आणि नसलेल्या सोबत्यांकडे अचूक वेळी मान वळवायची. सातव्या वेळी चूक झाली तर आधीचे सहाही गेले. १९०१च्या फिल्ममध्ये त्याचं डोकं भात्याने फुगवल्यासारखं मोठं होत जातं. प्रत्यक्षात तो काळ्या पडद्यापुढे गाड्यावर बसून उतारावरून कॅमेऱ्याकडे ओढला जात होता. हे माहीत असूनही ते डोकं फुगायला लागलं की माझा श्वास अडकतो. आधी उत्तर माहीत असलेलं कोडं एवढं कधी आवडत नाही. हे आवडतं, कारण इथे माणसाच्या अंगातला ताल दिसतो.

आपल्याकडे याच वाटेने आलेला माणूस म्हणजे दादासाहेब फाळके. ते स्वतः जादूचे प्रयोग करत आणि आडनाव उलटं करून ‘प्रोफेसर केळफा’ म्हणवून घेत. त्यांचा १९१९चा ‘कालिया मर्दन’ जरूर बघा. त्यात कृष्ण झाली आहे त्यांची सात वर्षांची मुलगी मंदाकिनी. पण गोष्ट सुरू होण्याआधी फाळके तिला तिच्याच रूपात समोर आणतात. ती हसते, रुसते, चेहऱ्यावर एकेक भाव आणून दाखवते आणि मग आपल्या डोळ्यांदेखत तिचा कृष्ण होतो. ही बघा साधी मुलगी, आत काही लपवलेलं नाही. मला तिथे मेलिएसचं वर्तमानपत्र दिसतं. तो कृष्ण कालियाच्या फण्यावर उभा राहतो तेव्हा ती घरातलीच पोर आहे हे आपण विसरलेलो नसतो, आणि तरी हात जोडले जातात.