डॉक्युमेंटरी बघून जवानांचं मनोधैर्य खचतं का?

प्रश्न : लढाई चालू असताना, आपली पोरं तिकडे जीव धोक्यात घालून उभी असताना, सरकारच्या युद्धावर टीका करणारी पॉलिटिकल डॉक्युमेंटरी काढणं योग्य आहे का? 2004 साली अमेरिकेत दिग्दर्शक मायकेल मूरची इराक युद्धावर टीका करणारी 'फॅरनहाइट 9/11' आली तेव्हा इराकमध्ये त्यांचे सव्वा लाखाच्या वर सैनिक होते. अशाने त्यांचं मोराल डाऊन होत नसेल?

उत्तर : तुमची काळजी खरी आहे, आणि तेव्हा अमेरिकेतही लोकांनी हाच आरोप केला होता. पण आधी तारखा बघा. अमेरिकन लष्कराच्याच मानसिक आरोग्याच्या टीमने 2003 मध्ये इराकमध्ये जाऊन सैनिकांचा सर्व्हे केला, त्यात 72 टक्के सैनिकांनी सांगितलं की आमच्या युनिटचं मनोधैर्य कमी किंवा अगदीच कमी आहे. तेव्हा ही फिल्म कुठेच नव्हती, ती थिएटरला लागली जून 2004 मध्ये. मग ती फ्रान्समधल्या कान फिल्म फेस्टिव्हलला पहिलं बक्षीस घेऊन, अमेरिकेत 10 कोटी डॉलरच्या वर धंदा करून, घराघरात भांडणं लावून झाली आणि त्यानंतर परत तसाच सर्व्हे झाला तर तो आकडा आला 54 टक्के. म्हणजे खचलेल्यांचं प्रमाण उतरलं. ते फिल्ममुळे उतरलं असं मी अजिबात म्हणत नाहीये, पण फिल्मने सैन्य खचवलं असंही त्यातून कुठे दिसत नाही.

मग सैनिक कशाने खचले होते? त्यांनीच सांगितलंय. घरी परत कधी जायचं त्याची तारीख नाही, तैनाती लांबत चाललेली, बायकापोरं लांब. काहींचा तर करार संपला तरी त्यांना सोडत नव्हते. डिसेंबर 2004 मध्ये कुवेतमध्ये एका सैनिकाने संरक्षणमंत्री रम्सफेल्ड यांना सगळ्यांसमोर विचारलं की आमच्या गाड्यांना चिलखत लावायला आम्हाला कचऱ्याच्या ढिगातून भंगार पत्रे का हुडकावे लागतायत, आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. हा प्रश्न त्याला कोणत्या डॉक्युमेंटरीने शिकवला नव्हता, तो रोज त्याच गाड्यांकडे बघत होता.

उलट बाजूनेही बघा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेचे लष्करप्रमुख जनरल मार्शल यांनी हॉलिवूडचा दिग्दर्शक फ्रँक काप्रा याला बोलावून सात फिल्म्सची सिरीज करून घेतली, आपण का लढतोय हे सैनिकांना पटावं म्हणून. लष्कराच्याच संशोधकांनी नंतर फिल्म बघितलेल्या आणि न बघितलेल्या सैनिकांची तुलना केली. बघितलेल्यांची माहिती चांगली वाढली होती, काही मतंही थोडी बदलली होती, पण लढायची जिद्द जवळजवळ जिथल्या तिथेच. एवढा पैसा, एवढं डोकं लावून जे वर चढलं नाही ते दुसऱ्या कोणाच्या दोन तासांच्या फिल्मने धाडकन खाली येईल हे मला तरी पटत नाही. माणूस लढतो तो शेजारच्या सोबत्यासाठी, आणि आपला अधिकारी आपल्याला उगाच मरू देणार नाही या भरवशावर. भरवसा तुटला की सगळं तुटतं.

आता जिथे खरंच लागतं ते सांगते. फॅरनहाइटमध्ये अमेरिकेतल्या फ्लिंट शहरातली एक आई इराकमध्ये मेलेल्या मुलाचं शेवटचं पत्र वाचते. ते बघून घरी बसलेल्या दुसऱ्या आईचं, बायकोचं काय होत असेल, आणि मग फोनवर तिचा आवाज ऐकून तिकडच्याचं काय होत असेल, हे मी हलकं मानत नाही. दुसरं म्हणजे सैनिकाला न विचारता वापरणं. स्फोटात हात गमावलेल्या एका सैनिकाची हॉस्पिटलमधली टीव्ही मुलाखत त्या फिल्ममध्ये घेतली होती, मला युद्धविरोधी दाखवलं म्हणून त्याने 2006 मध्ये केस केली. कोर्टाने ती फेटाळली, कायद्याने ठीकच असेल, पण मला तो सैनिकच बरोबर वाटतो. त्याच्या जखमेवर तुमचा मुद्दा उभा करायचा तर निदान त्याला विचारा तरी.

प्रश्न : मग तैनात सैनिकांना अशा फिल्म्स बघू द्याव्यात का?

उत्तर : द्याव्यात. ज्याच्या हातात शस्त्र देऊन गोळी कधी झाडायची आणि कधी नाही हे ठरवायला सांगता त्याला एक फिल्म झेपणार नाही असं कसं म्हणता? हॉलिवूडचा दिग्दर्शक जॉन ह्यूस्टन दुसऱ्या महायुद्धात स्वतः लष्करात असताना त्याने इटलीतल्या सॅन पिएत्रोच्या लढाईवर डॉक्युमेंटरी केली, त्यात पिशव्यांत भरलेले अमेरिकन सैनिकांचे मृतदेह दिसत होते, वरचे अधिकारी भडकले की ही युद्धविरोधी आहे, हे बघून पोरं घाबरतील. मार्शल यांनी बघितली आणि म्हणाले ट्रेनिंगमधल्या प्रत्येकाला दाखवा, पुढे काय आहे ते कळलं की ट्रेनिंग मनापासून घेतील. फक्त फिल्म लावून निघून जाऊ नये. नंतर बसून बोलायला वेळ द्यावा, आणि बोलायला बसणारा अधिकारी असा हवा की जो "आपण इथे का आहोत?" हा प्रश्न ऐकून कोणाचं नाव टिपून ठेवणार नाही.